खाडीचं भाडं

दाभोळच्या जेट्टीला फेरीबोट लागते, पुढची लोखंडी फळी धाडकन उतारावर पडते, आधी दुचाक्या सुटतात, मग मोटारी. पलीकडे धोपावे, मधे वाशिष्ठीची खाडी. दापोलीहून गुहागर गाठायचं तर एरवी खेड-चिपळूणचा वळसा. २००३ पासून तो या फेरीनं वाचवला. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात इथे पूल आहे. आणि विचारणारे विचारतातच, एवढ्याशा गावांसाठी एवढा खर्च कशाला?

रास्त वाटतं, पण हिशेब एकाच मापानं होत नाही. पूल म्हणजे रस्ता, आणि रस्त्याकडे रोजचा गल्ला सहसा कोणी मागत नाही. फेरी मात्र धंदा समजली जाते. तिचं पोट तिकिटावर, म्हणून गिऱ्हाईक आटलं की ती झोपते. दुपारी पंधरा मिनिटं जेट्टीवर खोळंबायला फारशी कुणाची ना नसते. वाऱ्यावर बरंच वाटतं, खरं तर. पुलाची ओढ लागते ती रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईच्या घरात.

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर १९९५ साली पूल झाला, फेरी बंद झाली. पूल खाजगी कंपनीकडे, त्यामुळे टोल जबर. लोकांनी तो भरायला नकार दिला, त्यांच्यावर खटले भरले गेले, आणि २००४ मध्ये सरकारनं पूल विकत घेऊन टोल उठवला. तोवर बेटकऱ्यांना पूल मिळाला होता. पाण्याचं भाडं काही सुटलं नव्हतं.

उलट गोव्यात दिवाडी-चोडणच्या फेरीबोटी सरकारचं नदी परिवहन खातं चालवतं आणि पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. तिथे बोटीलाच रस्ता मानलंय. पूल झाला म्हणून बोटी मोडीत काढू नयेत, हेही गोव्यालाच शिकावं लागलं: ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, आणि पणजीची भिस्त पुन्हा फेरीवर आली; नवा पूल १९९२ मध्ये झाला.

म्हणून दाभोळला पूल नको असं मी म्हणणार नाही. सागरी महामार्ग हवा असेल तर खाड्या ओलांडाव्याच लागतील. पण तो पूल मुख्यतः मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या गाडीसाठी असेल, आणि त्याचा खर्च तिच्या नावावर टाकावा, गावाच्या नको. गावाची गरज त्याहून स्वस्त आहे, आणि ती आजच भागू शकते: रात्रपाळीचे खलाशी, डिझेल, जेट्टीवर दिवे, भरती-ओहोटी दोन्हीला चालेल असा उतार. मोठ्या पुलाला वर्षं लागतात. त्या वर्षांच्या रात्रीच्या फेरीचा खर्च पुलाच्या अंदाजपत्रकातच धरावा. एकूण रकमेत तो दिसणारही नाही.