प्रांताची कैफियत

१९५५ साली फाजल अली आयोगाने राज्यपुनर्रचनेचा अहवाल केंद्र सरकारला सादर केला, तेव्हा बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य व्हावे, अशी शिफारस त्यात होती. ती अमलात आली नाही. हे आठही जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात दाखल झाले. तथापि त्या आठ नावांत भंडाऱ्याचे नाव आहे, आणि म्हणून या मागणीची कैफियत ज्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात निष्ठेने मांडली, त्या लोकनायक बापूजी अण्यांचे चरित्र वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसालाही परके मानता येत नाही.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातले शिक्षण, अमरावतीस काही काळ शिक्षकी, मग यवतमाळात वकिली, असा त्यांचा आरंभ त्या पिढीतल्या कोणत्याही सुशिक्षित वऱ्हाडी गृहस्थासारखा आहे. त्याला निराळे वळण दिले ते टिळकांच्या सहवासाने. १९१८ मध्ये अण्यांनी यवतमाळहून ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. ज्या गावाची कीर्ती कापसाच्या बाजारापुरती होती, त्या गावातून राजकीय पत्र काढणे म्हणजे राजकारण पुण्यामुंबईतच घडते हा समज कृतीने खोडून काढणे होते. आणि मला त्यांच्या सर्व पदांपेक्षा ही कृती अधिक मोलाची वाटते.

पदे तशी थोडी नव्हती. १९३० च्या जुलैत पुसदला राखीव जंगलातले गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष या नात्याने सामुदायिक सविनय कायदेभंग स्थगित करण्याचा अप्रिय निर्णय त्यांच्याच सहीने जाहीर झाला. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते मदनमोहन मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढून बसले. १९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रवेश केला, ही त्यांची चूक होती असे माझे मत आहे, कारण सहकारी तुरुंगाच्या वाटेवर असताना प्रतियोगी सहकारितेचे, म्हणजे हिताचे तिथे सहकार्य आणि अहिताचे तिथे विरोध हे, जुने तत्त्व कितीही प्रामाणिकपणे पाळले तरी त्याचा लाभ सरकारलाच होणार होता. परंतु १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींचे उपोषण चालू असता सरकार त्यांना सोडीना, तेव्हा अण्यांनी त्या मंडळाचा राजीनामा दिला, हेही त्याच न्यायाने नमूद केले पाहिजे. पुढे सिलोनमधील प्रतिनिधित्व, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपालपद. आणि ऐंशी ओलांडल्यावर, १९६२ साली, विदर्भाच्या प्रश्नावर अपक्ष उभे राहून नागपूरची लोकसभेची जागा.

प्रांताचा अभिमान बाळगणारा लेखक-संपादक राजकारणात उतरला म्हणजे काय होऊ शकते, याचे दुसरे उदाहरण फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात सापडते. मॉरिस बारेस हा तिथला प्रतिभावान कादंबरीकार १८८९ मध्ये नान्सीहून प्रतिनिधिगृहात निवडून गेला, १८९४-९५ मध्ये ‘ला कोकार्द’ हे दैनिक त्याने चालवले, आणि पॅरिसच्या एकछत्री कारभाराने प्रांतांचे सत्त्व शोषले जाते हा विचार त्याने तळमळीने मांडला. त्या विचारात तथ्य होते. पण मातीचे प्रेम सांगता सांगता त्याची लेखणी मातीबाहेरच्या माणसाच्या द्वेषाकडे वळली, आणि द्रेफ्यूस प्रकरणात एका निरपराध ज्यू अधिकाऱ्याच्या विरुद्ध ती उभी राहिली.

अण्यांची लेखणी त्या वाटेने गेली नाही. ज्या पश्चिम महाराष्ट्राच्या वर्चस्वाविषयी त्यांना साधार भय वाटत होते, त्याच महाराष्ट्राच्या सर्वश्रेष्ठ पुरुषावर, टिळकांवर, त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य रचले. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले होते. राज्य वेगळे मागणारा हा मनुष्य भाषा आणि दैवत वेगळे मागत नव्हता. कारभार जवळ असावा, उत्पन्नाचा विनियोग जिथल्या तिथे व्हावा, एवढाच त्या मागणीचा गाभा होता, आणि तो मला आजही न्याय्य वाटतो.

मात्र एक गोष्ट भंडाऱ्याच्या माणसाने सांगितलीच पाहिजे. अण्यांचा विदर्भ हा मुळात वऱ्हाड. वऱ्हाड निजामाचे, १८५३ पासून इंग्रजांच्या कबजात, रयतवारीचे, काळ्या जमिनीचे नि कापसाचे. आमचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ मध्ये खालसा झालेला, मालगुजारीचा, धानाचा आणि तलावांचा. काँग्रेसच्या रचनेतसुद्धा वऱ्हाड आणि नागपूर या दोन निराळ्या प्रांतिक समित्या होत्या. १९०३ मध्ये मध्यप्रांताला वऱ्हाड जोडले गेले म्हणून आम्ही एका दप्तरात आलो. ही एकी कृत्रिम आहे असे मला म्हणावयाचे नाही. पण जी एकी कागदाने घडते तिला पुढे लेखणीने आशय द्यावा लागतो, आणि वऱ्हाडचे कापसाचे दुखणे जितके लिहिले गेले तितके धानपट्टीचे लिहिले गेले नाही. मालगुजारांची गावावरची मालकी, म्हणजे मालगुजारी, १९५१ मध्ये संपली, कोहळी समाजाने बांधलेले तलाव सरकारजमा झाले, निस्ताराच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वापराच्या हक्काच्या, जुन्या वहिवाटीची जागा खात्याच्या कारभाराने घेतली, आणि ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव या लाडक्या नावाखाली गाळ साचत गेला. पवनीजवळ गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्यानंतर एक अख्खी पिढी कालव्याच्या पाण्याची वाट पाहत प्रौढ झाली. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जवळच्या कारभाराचे अण्यांचे तत्त्व आमच्याच जिल्ह्याला लागू झाले. पण जिल्ह्याचे ठिकाण जवळ आल्याने तलावातला गाळ निघत नाही, हेही आम्ही पाहिले.

म्हणून भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथे आज जे तरुण पत्रे चालवतात त्यांना माझी विनंती आहे, की विदर्भ व्हावा की न व्हावा या वादात कोणताही पक्ष घ्या, पण आपल्या तालुक्यातला एकेक तलाव घेऊन तो कोणी बांधला, त्यावर किती धान पिकत होते, निस्ताराचा हक्क कोणाचा होता आणि आज पाणी कोणाला मिळते, याची कैफियत जुन्या दप्तरांवरून आणि जुन्या माणसांच्या तोंडून लिहून काढा. ती जुनी माणसे फार दिवस आपल्यात राहणार नाहीत.