बैठकीचे सुख आणि तपाचा अधिकार

यात्रेत देहाला होणारे कष्ट हे यात्रेच्या पुण्याचा भाग आहेत की केवळ तिचा खर्च, हा वाद जुना आहे. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत मात्र तो आज मोटारसायकलच्या सीटपर्यंत येऊन पोहोचला आहे. शहापुरावरून कसारा घाट चढला की नाशिक, त्र्यंबकेश्वर, वणी आणि शिर्डी यांच्या वाटा फुटतात, तर मुरबाड, सरळगाव, टोकावडे असे करत माळशेज घाटाने जुन्नर आणि अहिल्यानगरकडे जाता येते. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या आणि गाडीवरून निघालेले भाविक एकाच महामार्गावरून जातात, आणि पायाला फोड आलेल्याच्या शेजारून जो गादीवर बसून पुढे निघून जातो त्याची यात्रा उणी ठरते, असे पुष्कळांना मनातून वाटत असते. मग सीटमध्ये अधिक चांगला फोम भरून घेणे हा साधनेतला ढिलेपणा मानावा काय, असा प्रश्न उभा राहतो.

उत्तराकडे वळण्यापूर्वी दुखते ते नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः नितंबांच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. त्या दोन जागी मांस दाबले जाऊन रक्ताचा पुरवठा मंदावतो, प्रथम मुंग्या येतात, मग आग होते, आणि शेवटी कंबर धरते. येथे मऊपणा फसवा ठरतो. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेला लुसलुशीत फोम हाताला सुखद लागतो, परंतु देहाच्या वजनाखाली तो हळूहळू चेपत जाऊन खालच्या कठीण पाट्याला टेकतो आणि हाडांना पुन्हा तोच कठीणपणा भेटतो; उलट घट्ट, दाट फोम सुरुवातीला कडक वाटला तरी भार रुंद जागेवर पसरवून धरतो. जेलची गादी हाडांना सावरते, पण उन्हात तापली की लवकर निवत नाही. हवेची गादी भार सर्वांत समान वाटते, मात्र ती गच्च फुगवली तर बसणारा तिच्यावर डुलू लागतो, म्हणून तिच्यात हाडे जेमतेम अधांतरी राहतील इतकीच हवा ठेवावी लागते.

ही शेवटची सूचना ज्ञानेश्वरीच्या वाचकाला ओळखीची वाटेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन स्थिर असावे, फार उंच नसावे, फार खालीही नसावे, आणि कुश, मृगाजिन व वस्त्र यांच्या थरांनी ते सिद्ध करावे, असे सांगितले आहे. ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये त्यावर भाष्य करताना तळाचे कुशांकुर कोवळे, सारखे आणि नीट बसवलेले असावेत, असा तपशील तर दिलाच, शिवाय आसन उंच झाल्यास अंग डोलेल आणि नीच झाल्यास भूमीचा दोष लागेल, असे कारणही सांगितले. अध्यात्माच्या इतक्या थोर ग्रंथात बैठकीच्या थरांचा आणि उंचीचा असा बारीक विचार यावा, ही गोष्ट मनावर घेण्यासारखी आहे. पतंजलींनीही योगसूत्रांत आसनाची दोन लक्षणे दिली, स्थैर्य आणि सुख. त्यावरील व्यासभाष्यात आसनांची नावे येतात त्यांत ‘सोपाश्रय’ म्हणजे टेकू घेऊन केलेले आसनही आहे. मुरबाड तालुक्यातील गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे ज्या नाथसिद्धांच्या नावांनी उभे आहेत, त्यांच्या परंपरेतही असंख्य आसनांमधून सिद्धासन आणि पद्मासन ही दोनच विशेष मानली गेली. या सर्वांचा रोख एकच दिसतो: आसनाचे सुख भोगण्यासाठी नसून देहाचा विसर पडावा यासाठी असते, आणि दुखरा देह जितका लक्ष वेधून घेतो तितकाच लाडावलेला देहही घेतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. ध्यानाला बसलेला साधक इंद्रिये आत वळवतो, तर माळशेजच्या धुक्यात गाडी चालवणाऱ्याला ती सर्व बाहेर, रस्त्यावर, जागी ठेवावी लागतात. तेव्हा ध्यानाच्या आसनाचे नियम त्याला कसे लागू पडावेत? दिशा वेगळी आहे हे मान्य करूनही अवधान अखंड राहणे ही गरज दोघांची समानच आहे, आणि ठणकणाऱ्या कंबरेने ते प्रथम तुटते. मात्र चालकाचे अवधान रस्त्यावर असावे लागते, म्हणून रस्त्याचा थरथराटही कळू न देणारी अतिजाड गादीही त्याच्या कामाची नाही.

बौद्ध विनयाने मात्र अधिक कठोर भूमिका घेतली. विनय म्हणजे भिक्षुसंघाच्या आचरणाचे नियम. त्यांत मंचकात किंवा पीठात कापूस भरून घेणाऱ्या भिक्षूने तो आधी उपटून काढावा आणि मग दोषाची कबुली द्यावी, असा नियम आहे, आणि त्याच्या लगेच पुढे बसण्याच्या वस्त्राचे माप दिले आहे. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर परिसरातील लेण्यांत भिक्षूंच्या खोल्यांमधले दगडी ओटे आजही पाहता येतात. तथापि उशीत कापूस भरण्याची मुभा त्याच विनयाने दिली होती, हे विसरता कामा नये. गृहस्थाच्या ऐषआरामाचे अनुकरण संघात शिरू नये, हा त्या बंदीचा हेतू होता, आणि देहाला छळणे हा बुद्धांचा मार्ग कधीच नव्हता.

खरी कसोटी जैन विचारात लागते. तत्त्वार्थसूत्रात 22 परीषह सांगितले आहेत. परीषह म्हणजे साधूने शांतपणे सोसावयाचे क्लेश, आणि त्यांत चर्या म्हणजे चालणे, निषद्या म्हणजे बसणे आणि शय्या म्हणजे निजणे यांचे क्लेश स्वतंत्रपणे मोजलेले आहेत. ते का सोसावेत, याचेही उत्तर तेथे आहे: मार्गावरून ढळू नये आणि कर्माची निर्जरा व्हावी, म्हणजे साठलेले कर्म झडून जावे. शहापूरजवळच्या मानस मंदिर तीर्थाकडे येणारे साधू-साध्वी वाहन वर्ज्य करून पायी विहार करतात. त्यांचा क्लेश जाणून स्वीकारलेला आहे आणि त्याला व्रताचे अधिष्ठान आहे. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेशी पाठीत गळ टोचून नवस फेडण्याची चाल जोडलेली आहे. तिच्याविषयी मतभेद असू शकतात, पण तेथेही वेदना कोणाला तरी अर्पण केलेली असते. चेपलेल्या फोमने होणारी वेदना कोणी स्वीकारलेली नसते आणि कोणाला अर्पणही झालेली नसते. तिला तप म्हणणे हा तपाचा अवमान आहे, आणि थकलेला चालक घाटात समोरून येणाऱ्याचा जीवही धोक्यात घालतो, हा त्याहून मोठा दोष आहे.

त्याच म्हशाच्या यात्रेत घोंगड्यांचा मोठा बाजार भरतो. घोंगडी हे पोथीवाचनाचे आणि जपाचे जुने आसन. घडी घालून सीटवर घट्ट बांधले, तर लोकरीतून वारा खेळतो आणि वैशाखात तापलेल्या काळ्या रेक्झिनचा चटका थेट बसत नाही. बांधले नाही तर ते सरकते, आणि सरकणारे आसन उघड्या सीटपेक्षा वाईट. शिवाय पावसाळ्यात रेक्झिनच्या शिवणीतून आत शिरलेले पाणी फोम धरून ठेवतो, म्हणून शिवणी बसण्याच्या जागेवर येऊ न देणे हेच बरे.

उरतो प्रश्न मागे बसणाऱ्या व्यक्तीचा, आणि धर्मदृष्ट्या तोच सर्वांत गंभीर आहे. किन्हवली किंवा सरळगावच्या बाजारातून परतणाऱ्या गाडीवर लुगडे किंवा साडी नेसलेली बाई बहुधा एका बाजूला पाय सोडून बसते. तिचा भार एकाच मांडीवर येतो, कणा पिळलेला राहतो, आणि सीटचा मागचा भाग पुढच्यापेक्षा अरुंद व पातळ असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांनी तिच्यासाठी हाताला धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतके आच्छादन बंधनकारक केले. फोमची निवड मात्र गाडी चालवणारा करतो. परीषह स्वतःच्या देहावरच घेता येतो. दुसऱ्याच्या देहावर तो लादला की त्याला हिंसा म्हणावे लागते, मग चालकाचे स्वतःचे व्रत कितीही कडक असो. यास्तव सीट उघडल्यावर कारागिराने आधी मागचा भाग रुंद, सपाट आणि दाट फोमचा करावा, डाव्या बाजूची कड मांडीला कापणार नाही इतकी गोलवावी, आणि रेक्झिनला पिना मारण्यापूर्वी मागे बसणारीलाच त्या फोमवर थोडा वेळ बसवून विचारावे.