वर्गशिक्षकाचे नित्य आणि नैमित्तिक कर्म

वर्गशिक्षक म्हणजे आपला विषय शिकवण्याखेरीज एका तुकडीची हजेरी, शिस्त, प्रगतिपत्रके आणि पालकांशी संपर्क ज्याच्याकडे सोपवलेला असतो असा शिक्षक. परंतु ही जबाबदारी शाळेच्या फाटकाशी संपते की मुलाच्या घरापर्यंत जाते, याची उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत. जपानमध्ये वर्गशिक्षकाने मुलांच्या घरी जाण्याची प्रथा आहे आणि वर्गाची सफाईही तेथे शिक्षणच मानली जाते. उलट फ्रान्समधील वर्गप्रमुख सहकाऱ्यांचे अभिप्राय एकत्र करतो, आणि गैरहजेरी व शिस्त यांसाठी मात्र माध्यमिक शाळेत स्वतंत्र अधिकारी असतो.

मीमांसकांनी केलेला कर्माचा एक भेद येथे उपयोगी पडतो. नित्य कर्म रोज करावयाचे असते आणि ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. नैमित्तिक कर्म एखादे निमित्त घडले की बंधनकारक होते. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) 24 व्या कलमातील वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, पालकांना नियमित भेटणे ही कर्तव्ये बहुतांशी नित्य आहेत. निमित्ते मात्र कोणताही कायदा आधी मोजून ठेवू शकत नाही.

अशा निमित्तांची दोन उदाहरणे एकाच परिसरात सापडतात. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, पुढे मध्य प्रदेशात राहिले आणि 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. अनेक घरांत मराठी आणि शाळेत हिंदी, अशा स्थितीत पहिलीतले मूल प्रश्न समजूनही गप्प बसले, तर त्याला ‘कमजोर’ ठरवण्यापूर्वी त्याच्या घरची बोली ध्यानात घेणे हे वर्गशिक्षकाचे नैमित्तिक ठरते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही संविधानाच्या 350-अ अनुच्छेदातील अपेक्षा आहेच. पण त्या मुलासमोर उभी असलेली व्यक्ती राज्यसंस्था नसून शिक्षक असते.

अधिक अवघड निमित्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे. जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक पात्रात रोवलेल्या पळसावरच्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. या गोटमारीमागे चंडीमातेवरची श्रद्धा आहे आणि तिच्यात माणसे दगावलीही आहेत. दोन्ही तीरांची मुले एकाच वर्गात बसत असतील, तर घरच्या श्रद्धेत हात घालण्याचा अधिकार वर्गशिक्षकाला नाही, तरीही मुलाने नदीवर जाऊ नये असे बापाला सांगण्याचे कर्तव्य त्याला चुकत नाही. कारण ते कर्तव्य पदातून नव्हे, मुलाच्या ओळखीतून आलेले असते, आणि ओळख सुट्टी पाळत नाही.

यावर रास्त आक्षेप असा की, अशा कर्तव्याला अंतच नाही. ओईसीडीच्या 2018 च्या पाहणीत जपानच्या निम्न माध्यमिक शिक्षकांचा आठवडा सुमारे 56 तासांचा, सहभागी देशांत सर्वांत लांब, आढळला. शिवाय घराघरांत डोकावणारी आस्था पाळतीसारखी होऊ शकते. परंतु निमित्त कळल्याशिवाय नैमित्तिक लागू होत नाही, त्यामुळे शिक्षकाने घरे धुंडाळावीत असे यातून निघत नाही. मात्र पोळ्याची तारीख दिनदर्शिकेत असते आणि कोणते मूल कोणत्या तीरावरचे, हे शाळेच्या दाखल-नोंदीत, तेव्हा हे निमित्त ठाऊक नव्हते असे त्याला म्हणता येणार नाही.