शपथेने मनुष्य बांधला जातो काय?

शब्द देणे आणि शब्द पाळणे यांत किती अंतर असते, हे प्रपंचातल्या माणसाला सांगावे लागत नाही. उसने नेणारा ‘दिवाळीला देतो’ म्हणतो, सोयरीक जमवणारा ‘पोरीला काही कमी पडू देणार नाही’ म्हणतो, आणि पुढे काय होते ते आपण पाहतोच. तरीही माणसे शब्द देतात, घेतात, आणि शब्दावरच जग चालते. मग प्रश्न असा, की शपथेने मनुष्य खरोखर बांधला जातो काय? की जो मुळात सरळ आहे तोच ती पाळतो, आणि जो वाकडा आहे त्याला ती अंगावर घ्यायला आणखी एक पांघरूण होते? हा प्रश्न आज मांडण्याला निमित्त झाले आहे ते सातासमुद्रांपलीकडच्या एका शाळेचे.

अमेरिकेत बोस्टन शहरी हार्वर्ड विद्यापीठाची व्यापाराचा कारभार शिकविणारी शाळा आहे. ती १९०८ साली निघाली. तेथून एम.बी.ए. होऊन बाहेर पडणारा पुढे बँकांचा, कारखान्यांचा, मोठमोठ्या कंपन्यांचा कारभारी होतो. २००९ साली पदवी घेऊन निघालेल्या काही विद्यार्थ्यांनी ठरविले, की वैद्य जशी शपथ घेतो तशी आपणही घ्यावी. मॅक्स अँडरसन हा त्यांतला पुढारी. शंभर सह्या मिळाल्या तरी पुष्कळ झाल्या, अशा हिशेबाने काम सुरू झाले, पण शेवटी वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी सही केली, आणि शपथ पुढे दुसऱ्या शाळांतही गेली.

शपथेचा भाव थोडक्यात असा: मी केवळ स्वतःच्या लाभासाठी कारभार करणार नाही, भांडवल घालणारे, बरोबर काम करणारे, गिऱ्हाईक आणि समाज या सर्वांचे हित सांभाळीन, कायद्याचे अक्षर पाळीन आणि त्यामागचा हेतूही पाळीन, कंपनीची स्थिती आहे तशी, खरी सांगेन, आणि मी व माझे सोबती एकमेकांना जाब विचारू.

ही बुद्धी त्याच वर्षी का झाली, हे पाहिले पाहिजे. त्याआधीच्या सप्टेंबरात, १५ तारखेला, १८५० सालापासून चालत आलेली लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. तिच्यावर साठ हजार कोटी डॉलरांहून अधिक कर्ज होते. या आणि अशा पेढ्यांच्या मुळाशी काय होते? घर घेऊ पाहणाऱ्या गरिबाला, फेडण्याची त्याची ऐपत नाही हे दिसत असताना, कर्ज द्यायचे. अशा हजारो कर्जांची मोळी बांधून ती दुसऱ्याला विकायची, आणि त्याने तिसऱ्याला. कर्ज लिहिणाऱ्याची दलाली पहिल्याच दिवशी खिशात. पुढे बुडेल तेव्हा बुडेल, त्या वेळी मी कुठे असणार आहे! गावचा सावकार कितीही कठोर असो, कूळ बुडाले तर आपलेही पैसे बुडतात एवढा धाक त्याला असतो. इथे तोही धागा तुटला होता. लाखो कुटुंबांची घरे गेली, आणि त्या मोळ्या बांधणाऱ्यांत उत्तम शाळांतून शिकलेले कितीतरी होते.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २००८ मध्ये, हार्वर्डच्या व्यापार-मासिकात राकेश खुराना आणि नितीन नोहरिया या दोन प्राध्यापकांनी लिहिले, की कारभारीपणा हा वैद्यकीसारखा खरा पेशा झाला पाहिजे आणि त्याला आचारसंहिता पाहिजे. यांतले नोहरिया १९८४ साली आपल्या पवईच्या आय.आय.टी.तून अभियंते होऊन गेलेले, आणि २०१० साली ते त्या शाळेचे प्रमुखही झाले. विद्यार्थ्यांच्या शपथेला पाठबळ मिळाले ते या विचाराचे.

आता शंका घेणारे काय म्हणतात ते ऐकू. शंका घेणाऱ्याला हाकलून देऊन विचार पुढे जात नाही.

पहिली शंका अशी: या शपथेला दंड नाही. वैद्याने अधर्म केला तर त्याची सनद जाते, वकिलाचीही जाते. कारभाऱ्याला मुळात सनदच नाही, मग जाणार काय? सही केली आणि मोडली, तरी दारात कोणी येत नाही. शिवाय कागदाने काय होते त्याचा दाखला समोर आहे. एन्रॉन कंपनीने जुलै २००० मध्ये चौसष्ट पानांची नीतिसंहिता छापून नोकरांना वाटली. डिसेंबर २००१ मध्ये खोट्या हिशेबांपायी तीच कंपनी बुडाली, आणि नोकरांची म्हातारपणाची शिल्लक तिच्याबरोबर गेली. तिचा प्रमुख जेफ्री स्किलिंग याच हार्वर्डच्या शाळेचा १९७९ सालचा पदवीधर. २००६ साली तो गुन्हेगार ठरून तुरुंगात गेला. चौसष्ट पानांनी जे झाले नाही ते एका पानाने होईल काय?

दुसरी शंका मुनीमाची आहे. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्र्याने १९७० साली ती मोठ्या ठसक्याने मांडली. कारभारी हा मालकांचा नोकर. कायद्याच्या आणि रूढ नीतीच्या चौकटीत राहून मालकांसाठी नफा मिळविणे हा त्याचा धर्म. समाजाचे कल्याण करायचे तर त्याने आपल्या पगारातून करावे. शेठच्या गल्ल्यात हात घालून मुनीमाने अन्नछत्र चालविले तर त्याला दानशूर म्हणायचे, की चोर?

ही शंका खोटी नाही. परंतु तिच्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. शेठच्या पैशाने दान करण्याचा अधिकार मुनीमाला नाही, हे खरे. पण शेठने सांगितले म्हणून माप मारण्याचा अधिकार तरी त्याला कुठे आहे? पगार घेऊन मनुष्य आपले कष्ट विकतो, आपली जीभ नव्हे. स्वतः फ्रीडमननेही फसवणुकीला मोकळीक दिलेली नाही. तेव्हा ‘मी जगाचे कल्याण करीन’ या शपथेवर मुनीमाची शंका लागू पडते; ‘मी खोटा हिशेब लिहिणार नाही’ या शपथेवर ती लागू पडत नाही. हा भेद वाचकांनी मनात धरून ठेवावा, पुढे त्याचाच उपयोग आहे.

तिसरी शंका विद्वानांच्या शोधातून आली आहे. २०१२ साली एका नामांकित शास्त्रीय पत्रिकेत असे प्रसिद्ध झाले, की फॉर्म भरण्याआधीच वरच्या बाजूला ‘मी खरे लिहीन’ अशी सही घेतली तर लोक अधिक खरे लिहितात. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २०२० साली त्याच लेखकांनी अधिक मोठा प्रयोग केला, तेव्हा तसा काहीच परिणाम दिसला नाही. आणि २०२१ मध्ये असे उघड झाले, की मूळ निबंधातल्या एका प्रयोगाचे आकडेच बनावट होते. निबंध मागे घ्यावा लागला. खरेपणाविषयीच्या शोधातच खोटे निघाले! हसू येते खरे, पण त्यातून एक गोष्ट घ्यावी: नुसत्या सहीत मंत्रासारखी शक्ती नाही. कागदावर शाई उतरली म्हणून मन बदलत नाही.

मग शपथ व्यर्थच म्हणायची काय? आम्हास तसे वाटत नाही. पण शपथेत बळ कुठून येते ते शोधले पाहिजे, आणि त्यासाठी वारकऱ्याला दूर जायला नको, आपल्या गळ्यातली माळ हाताने चाचपावी.

माळेचा नेम कसा असतो? ‘मी सज्जन होईन’ असा तो नसतो. तो म्हणतो: हे खाणार नाही, ते पिणार नाही, एकादशीला उपवास धरीन, वारीला जाईन. प्रत्येक गोष्ट अशी, की मोडली तर मोडली हे शेजाऱ्यालाही दिसते आणि स्वतःलाही दिसते. ‘सर्वांचे हित सांभाळीन’ ही शपथ मोडली कधी, हे कोणी सांगू शकणार नाही. आणि जी शपथ मोडता येत नाही ती पाळताही येत नाही. लेहमनच्या कारभाऱ्यांना विचारले असते तर आपण लोकांना घरे मिळवून देतो, लोकांचे हितच करतो, असे त्यांनीही सांगितले असते. हार्वर्डच्या शपथेत ‘खरी स्थिती सांगेन’ हा जो तुकडा आहे, तो आमच्या मते सगळ्यांत मोलाचा. बाकीची वाक्ये आकाशाएवढी, हा हातात मावण्याजोगा.

दुसरे, माळ चार माणसांदेखत, कोणाच्या तरी हातून घातली जाते, आणि पुढे दिंडीतले सोबती पाहत असतात. सोबत नसेल तर नेम सुकतो. हार्वर्डच्या मुलांनी ‘एकमेकांना जाब विचारू’ असे लिहिले खरे, पण पदवी घेऊन कोणी न्यूयॉर्कला गेला, कोणी लंडनला. जाब विचारायचा कोणी, आणि कुठे? हॉलंड देशाने हे ओळखले. तेथे २०१५ पासून बँकेतल्या साऱ्या नोकरांना शपथ घ्यावी लागते, आणि ती मोडल्याची तक्रार ऐकायला स्वतंत्र पंच आहेत. दोष सिद्ध झाला तर पंचवीस हजार युरोंपर्यंत दंड, किंवा तीन वर्षांपर्यंत बँकेच्या कामाला बंदी होऊ शकते. दंडाने मनुष्य साधू होत नाही, हे कबूल. पण शब्द दिला होता याची विचारपूस करणारे कोणी तरी आहे, एवढे त्याला कळते.

तिसरे, माळ अंगावर असते. कॅनडात क्विबेकचा मोठा पूल १९०७ साली बांधता बांधता कोसळून पंचाहत्तर मजूर मेले. त्या देशातले नवे अभियंते १९२५ पासून एका विधीत आपल्या कामाची जबाबदारी मान्य करतात आणि लोखंडाची साधी अंगठी घालतात. ज्या हाताने काम करायचे त्याच हाताच्या करंगळीत ती असते, म्हणजे कागदावर रेघ ओढताना ती घासत राहते. किती शहाणपणाची गोष्ट! मोह समारंभाच्या दिवशी येत नाही. तो येतो कामाच्या दिवशी, संध्याकाळी, सही करायच्या वेळी. आठवण त्या वेळी व्हायला पाहिजे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत कठीण. नेम घेताना माणूस काहीतरी सोडतो. ज्याने काहीच सोडले नाही त्याने शपथ घेतली असे म्हणता येत नाही, त्याने इच्छा सांगितली इतकेच. ‘खोट्या ताळेबंदावर सही करायला सांगितली तर मी नोकरी सोडीन, मग घराचा हप्ता थकला तरी चालेल’ असे जो आज ठरवितो, त्याने शपथ घेतली. त्यासाठी गरजा आटोपशीर ठेवल्या पाहिजेत, हे ओघानेच आले. ज्याचा संसार पुढच्या वर्षीच्या बक्षिसावर उभा आहे, त्याला खरे बोलणे परवडत नाही.

आता त्या वर्गातल्या निम्म्या मुलांविषयी दोन शब्द. ज्यांनी सही केली नाही त्यांना अप्रामाणिक म्हणायला आमची जीभ धजत नाही. आपल्याकडे एखादा भला माणूस म्हणतो, “माळ घालायचं मनात लई आहे, पण एकदा घातली की पाळावी लागती. निभंल असं वाटत नाही, म्हणून थांबलोय.” याला शब्दाचे वजन कळले आहे. उलट, समारंभाच्या गर्दीत शेजाऱ्याने केली म्हणून ज्याने सही ठोकली, त्याने शब्द हलका केला. तेव्हा सही कोणी केली यावरून आत कोण कसा आहे हे कळत नाही.

पण थांबणाऱ्यालाही एक विचारावेसे वाटते. निभणार नाही म्हणून शब्द देत नाहीस हे ठीक. पण न दिलेल्या शब्दाआड खोटे बोलायची मुभा तर ठेवत नाहीस ना? खोट्या मापाने गिऱ्हाईक नागवले जाते ते दुकानदाराच्या गळ्यात माळ असली तरी, आणि नसली तरी. शपथेने नवे कर्तव्य जन्माला येत नाही. जे कर्तव्य होतेच ते ती आपल्या नावावर लिहून देते. म्हणून मोडण्याच्या भीतीने शपथ टाळणारा दोन दोषांतला एकच टाळतो, दुसरा त्याच्या पदरी राहतोच.

हे सारे परदेशचे म्हणून बाजूला ठेवू नये. आमच्या वाचकांत कोणी पतपेढीचे संचालक आहेत, कोणी सोसायटीचे चिटणीस, कोणी दुकानदार, आणि पुष्कळांची मुले-नातवंडे आज हीच एम.बी.ए.ची पदवी घेत आहेत. ठेव ठेवायला आलेली म्हातारी ताळेबंद वाचत नाही, ती समोरच्या माणसाचे तोंड वाचते. तिने शपथ मागितलेली नसते. तिने विश्वास ठेवला त्याच क्षणी समोरच्यावर ती चढलेली असते. पदवीधर मुलाला सांगायचेच असेल तर एवढेच सांगावे: जगाचे कल्याण करीन असे म्हणू नकोस, बाबा. कोणत्या कागदावर सही करणार नाहीस ते ठरव, ते आज ठरव, आणि तुला विचारील असा एक तरी सोबती जवळ ठेव.