आकाश लहान होत नाही

लघुरेल्वेच्या इंजिनात आवाज बसवता येतो. पण बसवलेला आवाज त्या इंजिनाचा होतो का, हा प्रश्न तंत्राच्या हाती नाही. तो तर्कशास्त्राचा प्रश्न आहे, आणि भारतीय तर्कशास्त्राने ध्वनीविषयी इतका काथ्याकूट करून ठेवला आहे की उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आधी रचना. अंकीय नियंत्रणाच्या पद्धतीत रुळांतून वीज सतत वाहत असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने हुकूम जातो. इंजिनाच्या पोटातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलतो. लेंझ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात याचे मानक ठरवले. ध्वनी-डिकोडरमध्ये मोटारीच्या नियंत्रणाबरोबर खऱ्या इंजिनांचे ध्वनिमुद्रण साठवलेले असते, आणि ते नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडते.

आता तर्क. न्याय-वैशेषिक दर्शनांच्या मते रंग, आकार, वजन हे गुण वस्तूत राहतात. कापडाचा रंग धाग्यांच्या रंगातून येतो आणि कापड असेपर्यंत टिकू शकतो. ध्वनीचे तसे नाही. वीणेचा नाद तिच्या लाकडाच्या आणि तारेच्या नादातून येत नाही. वीणा जागेवर असते आणि नाद विरून जातो. मग तो वीणेचा गुण कसा? एकेक द्रव्य वगळत गेल्यावर जे उरते ते आकाश, आणि ध्वनी हा त्याचा गुण. वीणा फक्त निमित्त. आकाश एक आहे, नित्य आहे आणि सर्वव्यापी आहे. त्याचे मोठे आकाश आणि छोटे आकाश असे दोन प्रकार नाहीत. भौतिकशास्त्राने पुढे आकाशाची जागा हवेला दिली. त्याने इथे फारसे बिघडत नाही, कारण खोलीतली हवाही इंजिनाबरोबर आकसत नाही.

लघुरेल्वेची खरी अडचण हीच आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे वापरलेले १:८७ हे प्रमाण धरले तर इंजिनाची लांबी, चाके, खिडक्या सगळे सत्त्याऐंशी पटींनी लहान करता येते, कारण ते सारे इंजिनाचे स्वतःचे आहे. ध्वनी तसा लहान करू गेले तर काय होते? चारशे हर्ट्झच्या भोंग्याची तरंगलांबी सत्त्याऐंशी पटींनी घटवली की तो ३४,८०० हर्ट्झचा होतो. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढे ऐकत नाही. थोडक्यात, मोजमापाला काटेकोर राहणारी लघुरेल्वे मुकीच असायला हवी. बोलणारे प्रत्येक इंजिन प्रमाण मोडूनच बोलते.

दुसरा पुरावा वेगाचा. खरी गाडी ताशी साठ किलोमीटरने शिट्टी देत समोरून गेली, तर शिट्टीचा स्वर सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. षड्ज आणि शुद्ध ऋषभ यांच्यातल्या अंतराहून थोडा कमी. लघुरेल्वेत तोच वेग सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर होतो, आणि हवेतला ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरनेच धावतो. उतार हजारात एका भागाएवढा उरतो. कोणत्याही कानाला तो कळत नाही. एक मीटरवर उभा असलेला प्रेक्षक गाडीपासून प्रमाणाने सत्त्याऐंशी मीटर दूर असतो, म्हणून जाणकार आवाज बराच खाली ठेवतात. नवशिक्यांच्या घरी मात्र भिंती हादरतात.

स्पीकरच्या पाठीमागे एक बंद डबी बसवावी लागते. ती नसेल तर पडद्याच्या मागची लहर पुढच्या लहरीला मारून टाकते आणि आवाज पातळ होतो. कानाच्या पोकळीने मर्यादित झालेले आकाश म्हणजेच श्रोत्रेंद्रिय, असे नैयायिक म्हणतात. डबी हे त्याचेच दुसरे टोक. आकाशाला लहान करता येत नाही, कोंडता येते.

कोंडलेले आकाशही सगळेच बोलत नाही. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला सोळा सिलिंडर. उभे असताना ते मिनिटाला चारशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे त्रेपन्न स्फोट. एवढा खर्जातला स्वर नखाएवढा पडदा काढू शकत नाही. तरीही ऐकणाऱ्याला इंजिनाची घरघर ऐकू येते, कारण वरचे स्वरांश कानावर पडले की मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. जो ध्वनी उत्पन्नच झाला नाही, तो ऐकला जातो. याला भ्रम म्हणावे की अनुमान, यावर नैयायिकांनी आनंदाने आणखी एक ग्रंथ लिहिला असता.

आवाज इंजिनाचा गुण नाही, तर मग तो ‘इंजिनाचा’ म्हणण्याला आधार एकच उरतो: कार्यकारणभाव. खऱ्या इंजिनात तो उघड असे. मिरज-बेळगाव-लोंढा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८८०च्या दशकात मीटरगेजवर बांधला आणि १९९०च्या दशकात तो ब्रॉडगेज झाला. मीटरगेजवरच्या वायपी जातीच्या वाफेच्या इंजिनाला दोन सिलिंडर होते. प्रत्येक दट्ट्या दोन्ही बाजूंनी ढकलला जाई, आणि वापरलेली वाफ धुरांड्यातून सुटताना चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडत. चढावर ठोका जड, उतारावर हलका. आवाज ही त्या श्रमाचीच निष्पत्ती होती.

डिकोडरमध्ये हे नाते तुटते. साध्या मांडणीत मोटार आणि आवाज ही एकाच हुकुमाची दोन कार्ये असतात. चाक ठोक्याचे कारण नसते. दोन्ही जुळले तर ते काकतालीय, कावळा बसला आणि फांदी मोडली एवढेच. न्यायशास्त्र अशा निरुपयोगी पूर्ववर्तीला ‘अन्यथासिद्ध’ म्हणते; घटाच्या उत्पत्तीत माती वाहणारे गाढव येते खरे, पण ते कारण नव्हे. चाकाला लोहचुंबक आणि शेजारी संवेदक लावला की चित्र बदलते: चाक फिरले तर ठोका, थांबले तर नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही साधतात. अधिक चांगला डिकोडर क्षणभर मोटारीची वीज तोडतो, फिरत्या मोटारीत उलट निर्माण होणारा विद्युतदाब मोजतो आणि त्यावरून भार ओळखून ठोका जड करतो. असा आवाज इंजिनाचा म्हणायला हरकत नसावी, भले तो मूळचा कुठल्याही देशातल्या दोन-सिलिंडरी इंजिनाचा का असेना. याउलट अस्सल वायपीचे ध्वनिमुद्रण चाकाशी न जुळवता वाजवले, तर तो आवाज इंजिनाचा नव्हे, इंजिनाशेजारचा होतो.

ध्वनिमुद्रणातला आवाज ‘तोच’ असतो का? ऐकणारा ‘ही तीच शिट्टी’ असे ओळखतो. याच ओळखीच्या बळावर मीमांसकांनी वर्ण नित्य ठरवले. पण वर्ण प्रकट करणारा ध्वनी त्यांनीही अनित्यच मानला, म्हणजे शिट्टीला त्यांच्याकडेही आश्रय नाही. नैयायिक तर सरळ सांगतात की ध्वनी क्षणिक असतो, लाटेमागून लाट यावी तसा एक ध्वनी पुढच्याला जन्म देऊन नष्ट होतो, आणि कानाशी पोचतो तो मालिकेतला शेवटचा. फलाटावर उभ्या माणसानेही मूळची शिट्टी कधी ऐकलेली नसते. ओळख पटते ती सजातीयतेमुळे.

मुद्रित आणि जिवंत स्वरातला फरक याच मार्गावरच्या एका उदाहरणात दिसतो. बेळगावहून मिरजेकडे जाताना सुळेभावी लागते. गायक कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, ८ एप्रिल १९२४चा. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी ते नामवंत गायकांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवत. तबकडी आणि मुलगा यांचा स्वर एक वाटला तरी निमित्तकारण वेगळे होते: इकडे सुई, तिकडे कंठ आणि त्यामागचा प्रयत्न. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून त्यांनी स्वतःचे गाणे घडवले, ते त्या प्रयत्नाच्या जोरावर. डिकोडरकडे प्रयत्न नाही, म्हणून तो कायम तबकडीच्या बाजूला राहतो.

शिट्टीला अर्थही असतो, तो संकेताने आलेला. रुळांकाठच्या ‘सी/फा’ फलकापाशी चालकाने फाटकासाठी शिट्टी द्यायची, आणि बेळगावातल्या टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर थांबलेल्या सायकलस्वाराला ती बरोबर समजते. लघुरेल्वेत हीच शिट्टी बहुधा दुसऱ्या क्रमांकाच्या बटणावर असते, पण प्लास्टिकच्या फाटकापाशी सावध व्हायला कोणी नसते. अर्थ कळतो, आज्ञा लागू होत नाही. पहिल्या बटणावर अनेकदा अमेरिकी इंजिनाची घंटा असते. भारतीय इंजिनावर ती वाजली की संकेतच चुकतो.

आवाज कोणाचा, हाच वाद देवळात अधिक गंभीर होतो. सगळीकडेच आरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र दिसते. इथे टिपरू खरोखर चामड्यावर पडते, टोल खरोखर घंटेवर; ध्वनीला लागणारा संयोग पुरा आहे आणि ध्वनीत काही कमी नाही. उरतो तो कर्त्याचा प्रश्न. कर्मकांडात फळ संकल्प करणाऱ्याला मिळते आणि यंत्र संकल्प करत नाही. कळ दाबणाऱ्याचा संकल्प पुरतो, असे म्हणता येईल. मग बाकीच्या मंडळींनी हात जोडून का उभे राहायचे आणि टाळ का घ्यायचे नाहीत, याचे उत्तर द्यावे लागते. ध्वनिमुद्रित आरतीत तर चामडे आणि टिपरूही नाही, लघुइंजिनासारखा स्पीकरचा पडदा आणि हवा एवढाच संयोग. यंत्रावर घेण्यासारखा आक्षेप आहे तो कर्त्याविषयीचा. आवाज खोटा आहे, असा आक्षेप न्यायशास्त्राच्या आधाराने घेता येत नाही.