दारवान

माझ्या वडिलांकडे दोनच शर्ट होते आणि दोन्ही पांढरे. आई तांब्यात चुलीतले निखारे घालायची, बूड पदराने पुसून घ्यायची आणि मग शर्टावरून फिरवायची. एखाद्या दिवशी राखेचा डाग पडलाच, तर बाबा शाळेत दिवसभर हजेरीचं पुस्तक छातीशी धरून हिंडत. ते शाळेत शिपाई होते. ‘कपडा जुना चालंल, मळका नको,’ हे आईचं वाक्य मी नोकरीत घेऊन आलो आणि तेवढ्यावर जवळजवळ सगळी नोकरी केली. रात्री पँट गादीखाली, सकाळी अंगात. माझी इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नाही, असं मी लोकांना सांगायचो. जरा जास्तच वेळा सांगायचो.

त्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयातून पेहरावाचं परिपत्रक आलं, तेव्हा मला घरात कार्य निघाल्यासारखा आनंद झाला. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंगाचे आणि विचित्र नक्षीचे कपडे नकोत, पायात स्लिपर नको, आणि शुक्रवारी खादी. कर्मचारी गबाळा दिसला की लोकांच्या मनात कार्यालयाविषयी वाईट मत होतं, असा त्यातला मुद्दा. मी पंचायत समितीत आस्थापनेला वरिष्ठ सहायक. प्रत मीच फलकावर लावली, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून, आणि टेबलाटेबलाशी जाऊन सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वाईट मत जीन्सने होतं की ‘साहेब नाहीत, उद्या या’ने होतं, हे त्या वेळीही कुणी विचारू शकलं असतं. मला सुचलं नाही, बाकीचे सह्या करण्यात होते.

आमच्याकडे एक नवा पोरगा लागला होता, कनिष्ठ सहायक. जीन्सवरून मी त्याला दोनदा तोंडी आणि एकदा लेखी समज दिली. त्याने निमूट दोन पँटी शिवून घेतल्या. पुढच्या पावसाळ्यात एक म्हातारा घरकुलाच्या हप्त्याचं विचारायला आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. नुकती पुसलेली फरशी, तिच्यावर पावलं उमटली. “बाबा, पाय धुऊन या आधी, ऑफिस आहे हे!” मी खेकसलो. म्हातारा वळला तो परत काही आला नाही. पोरगा फायलीतून मान वर न काढता म्हणाला, “भाऊसाहेब, परिपत्रक आपल्या कपड्यांचं आहे ना? लोकांनी काय घालून यायचं, ते कितव्या मुद्द्यात आहे?”

मी त्याला उद्धट ठरवून मोकळा झालो.

आता गंमत सांगतो. दरवर्षी ११ एप्रिलला, महात्मा फुल्यांच्या जयंतीला, आमच्या सभागृहात भाषण माझंच असायचं आणि गोष्टही ठरलेली. १८८८ साल. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आलेला. हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्या मानासाठी मेजवानी दिली. हिऱ्यामोत्यांची माणसं जमली. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं. दारावर त्यांना अडवलं. मग ओळख पटली, आत नेलं, आणि त्या माणसाने उठून इंग्रजीत सांगितलं की या दागिन्यांवरून देशाची पारख करू नका, खरा देश माझ्यासारखा दिसतो. आपल्या मातोश्रींना सांगा, तिकडे शिक्षण पोचवा.

इथे मी थांबायचो. टाळ्या व्हायच्या. मग पुढचा खुलासा करायचो की जोतीरावांना चांगले कपडे परवडत नव्हते अशातला भाग नाही. ते कंत्राटदार होते, १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तो वेष त्यांनी विचार करून चढवला होता. हे सांगताना माझ्या अंगावर कडक इस्त्रीचा खादी शर्ट असे आणि मनात, खोटं कशाला बोलू, आपण त्याच जातकुळीचे असल्याची भावना असे.

मे २०२२. मी रजेवर गावी होतो. गाव दुसऱ्या तालुक्यात. बाबांच्या नावातली एक वेलांटी सातबाऱ्यावर चुकलेली होती आणि कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे तीन महिने पडून होता. त्या दिवशी सकाळी विहिरीवरची मोटर जळाली. ती काढून रिवाइंडिंगला तालुक्याला टाकली, तर समोरच तहसील कचेरी. म्हटलं, आलोच आहोत तर विचारून जाऊ. अंगात भोकं पडलेला बनियन, त्यावर बटणं उघडी टाकलेला जुना शर्ट, ग्रीस लागलेला पायजमा, पायात रबरी स्लिपर, डोक्याला टॉवेल. दाढी चार दिवसांची.

खिडकीशी गेलो. आतला लिपिक माझ्याच वयाचा, स्वच्छ आकाशी शर्ट, खिशाला पेन. मनात आलं, माणूस व्यवस्थित आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंडाकडे नाही. टॉवेल, शर्ट, स्लिपर, असा वरून खाली एक फेरा. “ए, काय आहे? बस तिकडं. हाक मारीन.”

मी बसलो. आजही मला याचंच नवल वाटतं. मी ताबडतोब बसलो.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ आधीपासून होते. धोतर, कडेला पिवळी पडलेली टोपी, मांडीवर कॅरीबॅग. तिच्यात कागद होते आणि दर थोड्या वेळाने ते बाहेर काढून मोजत होते: सातबारा, आठ-अ, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स. चार भरले की परत आत. अर्ध्या तासाने पुन्हा मोजणी. “सकाळच्या पयल्या गाडीनं आलोय,” ते म्हणाले. मग चंची काढून तंबाखू मळली, निम्मी माझ्या तळहातावर ठेवली. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

तीन तास आम्ही तिथे होतो. उन्हाची तिरीप सरकत बाकावर आली तसे आम्ही दोघं सरकत गेलो. खिडकीशी पँट-शर्टातले लोक येत होते, “या, बसा” होत होतं. मी एकदा उठून विचारलं. “सांगितलं ना तुला,” असं उत्तर मिळालं.

दीड वाजता नायब तहसीलदार बाहेर आले. २०१९ च्या विधानसभेला आमची निवडणूक ड्यूटी एकत्र होती. दोन पावलं पुढे गेले, थबकले, मागे आले. “अहो भाऊसाहेब! तुम्ही? असे बाहेर? आधी सांगायचं ना!”

आधी काय सांगायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढचं फार पटापट झालं. आकाशी शर्टाने खुर्ची आणली, स्वतःच्या रुमालाने झटकली. “घ्या ना साहेब, चहा घ्या. मला काय माहीत हो, तुमच्या कपड्यांवरून…” असं म्हणून तो ओशाळं हसला. चहा कपबशीतून आला. अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी होता, तो सापडला, त्यावर टिपणी झाली, वेलांटीचा आदेश आठवड्यात काढतो म्हणाले. सगळं मिळून वीस मिनिटं. मी ऐटीत बसलो होतो. ग्रीसचा पायजमा होता, तरी पायावर पाय होता. आतून मी त्या लिपिकाचे मार्क कापत होतो: ‘असं वागतात होय लोकांशी? माझ्या हाताखाली असता तर…’

बाहेर आलो तर बाकावर म्हातारे तसेच. माझ्याकडे पाहून ते किंचित सरकले, पण जागा करून देण्यासाठी नव्हे. अंग चोरलं. “साहेब होता व्हय तुम्ही,” एवढंच म्हणाले आणि हातातली चंची धोतराच्या सोग्यात घातली.

वीस मिनिटं मी आत होतो. नायब तहसीलदारांशी बोललो, चहा प्यालो, माझं काम करून घेतलं. बाहेर एक म्हातारा माझ्या आधीपासून बसलाय, त्याचं बघा, हे सात-आठ शब्दांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आताही परत आत जाता आलं असतं. पण मोटर दुरुस्तीला टाकलेलं दुकान दोनला बंद होणार होतं. मी निघालो.

रजेवरून परतल्यावर पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा इस्त्री करूनच गेलो. ते मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. दारातून आत आलो आणि प्रथमच आमचा बाक पाहिला. तोही दाराबाहेर, तोही उन्हाच्या तोंडाशी. मी पोराला हाक मारली, दोघांनी मिळून बाक उचलून आत पंख्याखाली आणला. त्याने काही विचारलं नाही. मीही चिखलवाल्या म्हाताऱ्याचा विषय काढला नाही. काढायला हवा होता.

११ एप्रिल २०२३ ला माझं शेवटचं जयंतीचं भाषण झालं, मे अखेर मी निवृत्त झालो. गोष्ट तीच सांगितली, फक्त दारापाशी आल्यावर पुढे जाता येईना. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी प्रत्येक वेळी घोंगडीच्या बाजूने होतो. ज्याने अडवलं तो दारवान एका वाक्यात यायचा आणि जायचा. तो कसा दिसत असेल? नोकरीला साजेसे, नीटनेटके कपडे त्याच्याही अंगावर असतील. मी तेवढंच म्हणालो आणि खाली बसलो. टाळ्या जरा उशिरा आल्या.

वेलांटी दुरुस्त झाली. त्या बाकावरच्या बाबांचं काम झालं की नाही, ते मला कळलं नाही. तीन तास शेजारी बसलो, तंबाखू त्यांची खाल्ली, आणि नाव विचारायचं राहून गेलं.