याला नव्हे, आम्हांला



संत मार्कच्या शुभवर्तमानात (९:१४-२९) एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणतो. मुलगा जमिनीवर कोसळतो. लोक गर्दी करून पाहत असतात. येशू बापाला विचारतो, हे केव्हापासून होत आहे? बाप सांगतो, लहानपणापासून. मग तो विनवणी करतो. पण ‘याला’ नव्हे, ‘आम्हांला’ मदत कर असे म्हणतो. हा एक शब्द आपण वाचताना सहज ओलांडून जातो.

मी पूर्वी दुसऱ्या धर्मग्रामात असताना एक आई मिस्सानंतर भेटायला आली. (त्या कुटुंबाच्या परवानगीने हे लिहीत आहे.) पंधरा वर्षांचा मुलगा शाळेत जात नव्हता, रात्री झोपत नव्हता. दार आपटले तरी दचकत होता. “फादर, याच्यावर प्रार्थना करा,” ती म्हणाली. मी प्रार्थना केली. मग विचारले, “हे केव्हापासून?” ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी हळूच म्हणाली, “याचे पप्पा पिऊन येऊन मला मारायला लागले तेव्हापासून.”

मी त्यांना समुपदेशकाकडे पाठवले. समुपदेशकाने तिघांनाही बोलावले, तेव्हा वडील चिडले. “बिघडलाय तो, मी कशाला येऊ?”

बंधूंनो, इथेच आपण चुकतो. घरातल्या भांडणाची जखम बहुधा लेकरांच्या अंगावर दिसते. भीती सरली तरी शरीर सावधच राहते. म्हणून झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून राग येतो. हे नाटक नव्हे आणि ही बाहेरची बाधाही नव्हे. समुपदेशक प्रत्येकाचे वेगळे ऐकतो आणि योग्य वेळी सर्वांना एकत्र बसवतो. लहान मूल बोलू शकत नसेल, तर त्याला चित्र काढू देतो, खेळू देतो. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. मात्र मारहाण चालू असेल, तर ती आधी थांबली पाहिजे. मार खाणाऱ्याला ‘क्षमा कर आणि सहन कर’ असे सांगणे ही ख्रिस्ताची शिकवण नव्हे.

कुणी म्हणेल, मग श्रद्धा कुठे गेली? सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वाचा. आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जवळ येऊ दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे तो शिकवतो. पापाची क्षमा प्रायश्चित्त संस्कारात मिळते. पण घाबरलेल्या लेकराने कुठले पाप केले आहे? त्याला हवा आहे उपचार.

ते वडील तिसऱ्या वेळी आले. दारूसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जाऊ लागले. सर्व काही एका दिवसात सुधारले नाही. पण एके रविवारी तिघे एकाच बाकावर बसलेले मी पाहिले.

आपल्या घरी असे काही असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे. मुलांसाठी १०९८ आहे. माझे दारही उघडे आहे.

शुभवर्तमानाच्या शेवटी येशू त्या मुलाचा हात धरून त्याला उठवतो. प्रभू आपल्या लेकरांना उठवो आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही उठवो. आमेन.